रविवारची फेरी आणि परतीची वाट : दुचाकीस्वार वाचकांची प्रश्नोत्तरे

मागील अंकात आम्ही वाचकांना आवाहन केले होते, की पाऊस ओसरल्यावर आपण दुचाकीवरून कोठे जाऊन आलात ते कळवावे आणि वाटेत काही अडचण आली असल्यास तीही लिहावी. सातारा, कराड, मिरज, विटा, कोरेगाव अशा ठिकठिकाणांहून पत्रे आली. ती एका बैठकीत वाचून काढल्यावर एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. जातानाचे वर्णन प्रत्येकाने भरभरून केले आहे. घाटातले धुके, टपरीवरचा चहा, धरणाच्या पाण्यावरचे ऊन, सारे त्यात आहे. अडचण मात्र बहुतेकांना उतारावर किंवा घरी परतताना आली, म्हणजे ज्या भागाचा निघताना कोणी विचारच केला नव्हता, नेमकी तेथे. त्यामुळे या वेळच्या उत्तरांत मी त्याच भागावर अधिक लिहिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि गाड्यांच्या कंपन्या गाळल्या आहेत.

प्रश्न : दिवाळीनंतरच्या रविवारी मी आणि माझी पत्नी १५० सीसी मोटारसायकलवरून कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणला जाऊन आलो. कुंभार्ली घाट उतरताना मागचा ब्रेक हळूहळू खोल जाऊ लागला, जळकट वास आला आणि शेवटच्या वळणांवर तर पायाखाली ब्रेक आहे की नाही अशी शंका यावी, इतका तो निकामी झाला. आम्ही घाबरून थांबलो. अर्ध्या तासाने ब्रेक पूर्ववत लागू लागला. गॅरेजमध्ये गाडी दाखवली तर ब्रेक शू उत्तम आहेत असे सांगितले. मग दोष कशाचा? (एक बँक कर्मचारी, कराड)

उत्तर : गॅरेजवाल्यांचे म्हणणे खरे आहे. ब्रेकमध्ये दोष नव्हता. त्याच्यावर एकट्याने पेलवणार नाही एवढे काम टाकले गेले. कराडपासून हेळवाकपर्यंतचा रस्ता कोयनेच्या खोऱ्यातून बेताबेताने चढत जातो आणि घाटमाथा ओलांडला, की कोकणच्या बाजूला एकदम खाली कोसळतो. शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात सोडून वीज तयार करतात, ती याच उंचीच्या फरकावर. आपली गाडी, आपण दोघे आणि सामान मिळून वजन ३०० किलो धरले आणि ५०० मीटर उंची उतरली असे मानले, तर त्या उतरण्यातून जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्या ऊर्जेत साधारण साडेचार लिटर गार पाणी उकळीला आणता येईल. पाण्याच्या बाबतीत तिची वीज होते. आपल्या बाबतीत तिचा काही भाग वाऱ्याच्या अडथळ्यात आणि टायरच्या घर्षणात जातो, आणि उरलेली सगळी उष्णता, आपण पाय ब्रेकवर ठेवूनच घाट उतरलात तर, मागच्या चाकातल्या ओंजळीएवढ्या ड्रममध्ये, म्हणजे ज्याला आतून ब्रेक शू घासतात त्या डब्यात, कोंडली जाते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते, म्हणून पायाला ब्रेक खोल गेल्यासारखा वाटतो. शूवरचे अस्तरही तापल्यावर नीट पकड घेत नाही, आणि वास येतो तो त्याचाच. गार झाल्यावर सारे पूर्ववत होते, म्हणून गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही.

यावरचा उपाय इंजिनाकडून काम करून घेणे हा आहे. जो घाट चढताना आपल्याला तिसरा गिअर लागतो, तो उतरतानाही तिसऱ्यातच उतरावा आणि जिथे दुसरा लागतो तिथे दुसऱ्यात, हा जुना चालकांचा नियम आजही तितकाच उपयोगी आहे. गिअर उताराला लागण्यापूर्वीच बदलावा, वळणात शिरल्यावर नव्हे. रेस पूर्ण सोडली की इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवते. क्लच मात्र दाबून ठेवू नये, कारण क्लच दाबला की इंजिनाची ही पकड सुटते आणि गाडी मोकळी धावू लागते. ब्रेक लावायचा तो दोन्ही चाकांचा, वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर, थोडा वेळ पण ठामपणे, आणि वेग उतरताच सोडून द्यायचा. सतत हलका पाय ठेवणे सर्वांत वाईट, कारण मग ड्रमला गार होण्यास उसंतच मिळत नाही. समोरच्या ब्रेकची भीती अनेकांच्या मनात असते. वास्तविक ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकतो आणि उतारावर तो आणखी पुढे असतो, त्यामुळे खरी थांबवण्याची ताकद पुढच्याच चाकात असते. तो हळुवार दाबत नेण्याची सवय रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर आधी करावी. पुढचा ब्रेक डिस्कचा असेल तर ब्रेक ऑइलही दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे. ते हवेतली आर्द्रता शोषते आणि मग तापल्यावर त्यात वाफ धरून लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो.

पेट्रोल वाचावे म्हणून न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे लोक मी कुंभार्लीला आणि आंबेनळीलाही पाहिले आहेत. आत्ताच्या इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोजून फवारणाऱ्या, बहुतेक गाड्यांत गिअर पडलेला असताना रेस पूर्ण सोडली की इंजिनाला जाणारे पेट्रोल थांबते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवण्यासाठी ते खर्च होते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालायचा, ती बचतही पदरात पडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे. सकाळी आपण उतरणारे असता, संध्याकाळी चढणारे, आणि समोरून उतरणाऱ्याला हा नियम ठाऊक असेलच असे धरून चालू नये.

प्रश्न : मी विट्याचा राहणारा आहे. मित्राबरोबर पन्हाळ्याला जाऊन परतताना पलूसच्या अलीकडे रात्री साडेसातला रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली मला अगदी शेवटच्या क्षणी दिसली. गाडी कशीबशी उजवीकडे घेतली. समोरून वाहन नव्हते म्हणून वाचलो. माझा हेडलाइट चांगला आहे, वेग साठच्या आसपास होता, मी दारू पीत नाही. एवढी मोठी ट्रॉली दिसली का नाही, हा प्रश्न मला झोपू देत नाही. (एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विटा)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि आपण सुखरूप आहात याचा मनापासून आनंद झाला. प्रश्नाचे उत्तर हिशेबात आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसणे, तो काय आहे हे मनाला उमगणे आणि हात-पाय ब्रेकपर्यंत जाणे याला दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी थांबायला आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर पन्नास मीटरच्या घरात जाते. डिपरच्या प्रकाशात काळपट, न चमकणारी वस्तू तीस-चाळीस मीटरवर आली तर ओळखू येते. याचा अर्थ असा, की आपल्याला जेवढे दिसत होते त्यापेक्षा थांबायला लागणारी जागा अधिक होती, आणि ही चूक डोळ्यांची नव्हती. हाच हिशेब ताशी ४० ला केला तर २७-२८ मीटर येतात, म्हणजे दिसण्याच्या आत थांबता येते.

त्यात उसाची ट्रॉली ही रात्री दिसण्यास सर्वांत अवघड गोष्ट. ऊस मागे लोंबकळत असतो आणि वाढे थेट खाली आलेले असतात, त्यामुळे मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर असले तरी झाकले जातात. पाचटाचा रंग रस्त्याच्या कडेच्या गवताशी मिळून जातो. समोरून कोणी अप्परवर आला, की त्या झगमगाटानंतरचे दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे काहीच राहत नाही, आणि नेमकी तेवढ्यातच टायर बदलण्यासाठी उभी केलेली ट्रॉली पुढ्यात येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला, की तो संपेपर्यंत सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या कृष्णाकाठच्या रस्त्यांचा स्वभावच बदलतो, आणि पावसाळ्यात भटकणारे आपल्यासारखे लोक तो बदल ध्यानात न घेता त्याच रस्त्यांवर त्याच वेगाने जातात.

चालत्या ट्रॅक्टरला ओलांडण्याबाबतही सावध करतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर लांबीला एखाद्या मोठ्या ट्रकहून कमी नसतो, मागची ट्रॉली डावी-उजवीकडे झोके घेते, आणि ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लागलेली असल्यास आपला हॉर्न चालकाच्या कानापर्यंत पोहोचत नाही. तो कोणत्याही क्षणी उजवीकडच्या शेतवाटेला वळू शकतो. म्हणून त्याच्या मागे राहून चालकाचा चेहरा त्याच्याच आरशात दिसेपर्यंत थांबावे, दिवा अप्पर-डिपर करून आपण असल्याचे कळवावे आणि मगच पुढे जावे.

दुसरा धोका जमिनीवरचा. उसाच्या फडातून बाहेर पडणाऱ्या चाकांना काळ्या रानाची माती चिकटून येते आणि डांबरावर तिचे थर पसरतात. वाळलेली असताना ती निरुपद्रवी वाटते, पण दव पडले किंवा कोणी पाणी मारले, की तिच्यासारखी निसरडी गोष्ट नाही. अनेक वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कोरेगावच्या बाजूने घरी येताना अशाच मातीवर मी ब्रेक लावला, पुढचे चाक सरकले आणि डाव्या हाताची दोन बोटे मोडून घेतली. वेग तिशीचाच होता. घाई होती, कारण मी निघायला उशीर केला होता, आणि उशीर केला होता तो आणखी एक ठिकाण पाहून जाऊ म्हणून. त्या दिवसापासून मी सहलीचे वेळापत्रक उलट्या बाजूने लिहितो. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे घरी पाचला पोहोचायचे असे पहिल्या ओळीत लिहावे, त्यातून परतीचा वेळ आणि एक चहा वजा करावा, आणि जी वेळ येईल ती ठिकाण सोडण्याची वेळ. विट्याहून पन्हाळ्याला गेल्यास दुपारी फार तर दोनला गड उतरायला हवा. तेवढ्यात गड पाहून होत नसेल तर पहाटे लवकर निघावे किंवा जवळचे ठिकाण निवडावे.

या विषयातला राग ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांवर काढणारी पत्रेही आली आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. ऊसतोडीला आलेली कुटुंबे पहाटेच्या थंडीत फडात उतरतात आणि गाडी कारखान्यावर रिकामी होईपर्यंत त्यांचा दिवस संपत नाही. अंधारात रस्त्यावर असणे ही त्यांची निवड नसते. आमच्या साताऱ्याच्या मित्रमंडळातले काही जण हंगामात डिकीत लाल रेडियमच्या पट्टीचे एक बंडल ठेवतात आणि चहाच्या टपरीवर एखादी टायरगाडी उभी दिसली, की गाडीवानाला विचारून मागच्या बाजूला, जुवाला आणि बाजूच्या फळीला पट्ट्या लावून देतात. पाच मिनिटांचे काम आहे, आणि आजवर एकाही गाडीवानाने नाही म्हटलेले नाही. आपणही हे करावे अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : माझ्याकडे ११० सीसीची स्कूटर आहे. शाळेला जाण्यायेण्यापलीकडे ती कधी चालवली नाही, पण आता रविवारी एकटीने थोडे दूर जावे असे वाटते. घरचे म्हणतात, की स्कूटर गावातच चालवायची असते. खरे काय? आणि सुरुवात कोठून करावी? (एक शिक्षिका, मिरज)

उत्तर : स्कूटर गावाबाहेरही उत्तम चालते, तिच्या मर्यादा माहीत असल्या की पुरे. पहिली मर्यादा चाकांची. दहा-बारा इंचांचे चाक मोटारसायकलच्या चाकापेक्षा खड्ड्यात अधिक खोल उतरते आणि जोराने आदळते, म्हणून उखडलेल्या रस्त्यावर वेग चाळीसच्या आत असावा आणि टायरमधली हवा फेरीला निघण्यापूर्वी, टायर गार असताना, कंपनीने दिलेल्या मापाने तपासावी. दुसरी मर्यादा उताराची. स्कूटरला हाताने बदलायचे गिअर नसल्याने वरच्या उत्तरात सांगितलेली इंजिनाची मदत फार थोडी मिळते, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत घाट टाळावेत. तिसरी मर्यादा टाकीची. साधारण पाच लिटरची टाकी अर्धी झाली की पंप दिसताच भरून घ्यावी.

सुदैवाने मिरजेभोवती सपाट रस्त्यांवर पाहण्यासारखे इतके आहे, की वर्षभर घाटाची आठवण होऊ नये. पहिली फेरी सांगलीवरून हरिपूरच्या संगमापर्यंत करावी. कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात तिथे सकाळी तासभर बसून नाश्त्याच्या वेळेला परत येता येते. दुसरी नृसिंहवाडी, आणि तिथून हात मोकळा झाला की तिसऱ्या रविवारी कुरुंदवाडवरून पुढे खिद्रापूर. कोपेश्वराचे हे मंदिर बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या काळातले. त्याचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याच्या छताच्या मध्यभागी १३ फूट व्यासाचे गोल आकाश मोकळे सोडलेले आहे. सकाळी दहाच्या आसपास उन्हाचा गोल तुकडा आत उतरलेला असतो आणि बारा खांबांचे वर्तुळ त्याच्याभोवती उभे असते. मी तिथे अनेकदा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी ठरवल्यापेक्षा अधिक वेळ थांबलो आहे, म्हणून वेळेचा हिशेब करताना त्या मंडपासाठी अर्धा तास जास्त धरा. उत्तरेकडे जायचे तर औदुंबर आहे, आणि थोडे लांबचे म्हणजे देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ साली याच गावी झाला, आणि शेजारचे सागरेश्वर अभयारण्य हे उजाड डोंगरांवर माणसांनी झाडे लावून उभे केलेले रान आहे.

एकटीने जाताना मार्ग आणि परतण्याची वेळ घरी एखाद्या व्यक्तीला सांगून ठेवावी, थांबायचे ते वर्दळीच्या पंपावर, एसटी स्थानकावर किंवा देवस्थानाजवळ, आणि स्वच्छतागृहाची सोय पंपावर मागण्यात संकोच करू नये. सीटखालच्या डिकीत पावसाळी कोट, पाणी, विजेरी आणि पंक्चरवाल्याला द्यायला सुटे पैसे असावेत. घरच्यांना पहिल्या फेरीहून आल्यावर हरिपूरचा फोटो दाखवा.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. बारा मित्रांच्या गटाबरोबर कास पठार आणि बामणोलीला जाण्याचा त्यांचा बेत आहे. दोघांच्या गाड्यांचे सायलेन्सर बदललेले आहेत. मी परवानगी द्यावी का? (एक पालक, सातारा)

उत्तर : परवानगी द्यावी, पण त्याच्याशी बसून बोलून. बारा गाड्यांचा एक गट हा घाटात चालू शकत नाही. पुढचे निसटतात, मागचे त्यांना गाठण्यासाठी स्वतःच्या कुवतीपलीकडे वेग घेतात, आणि अपघात बहुधा शेवटच्या तिघांतल्या कोणाचा तरी होतो. म्हणून चार-चार जणांच्या तीन तुकड्या कराव्यात. प्रत्येक तुकडीत सर्वांत कमी अनुभव असलेला मुलगा दुसऱ्या क्रमांकावर असावा आणि वेग त्याच्या सोयीने ठरावा. सर्वांत अनुभवी मुलगा शेवटी असावा. सरळ रस्त्यावर थोडे डावे-उजवे अंतर राखून चालावे, यवतेश्वरच्या घाटात मात्र एकामागे एक. भेटण्याच्या जागा आधी ठरवाव्यात, म्हणजे कोणी कोणाची वाट पाहत वळणावर उभा राहणार नाही. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवे आणि ते आयएसआय चिन्हाचेच हवे. १ जून २०२१ पासून त्या चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ती विकली जातात.

कासविषयी मला थोडे कळकळीने लिहायचे आहे. हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. फुलांच्या हंगामात तिथे प्रवेशावर बंधने असतात. हंगाम संपल्यावर पठार वाळून तपकिरी होते आणि आता इथे काही उरले नाही, असे समजून काही तरुण गाड्या आत घालतात. परंतु कातळावरच्या त्या बोटभर मातीतच सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचे बी आणि इतर कित्येक वनस्पतींचे कंद पुढच्या पावसाची वाट पाहत पडून असतात. चाकाचा एक चर त्या मातीत पडला, की पावसाचे पाणी तोच धरून वाहते आणि उरलेली माती घेऊन जाते. गाडी डांबरावरच राहील, असे वचन मुलाकडून घ्यावे. सायलेन्सर बदललेल्या दोघांनी ते मूळचे बसवून घेतल्याशिवाय निघू नये. कंपनीने दिलेला सायलेन्सर बदलून आवाज वाढवणे हा गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यालगतच्या वाड्यांवर म्हातारी माणसे, लहान मुले आणि जनावरे राहतात.

प्रश्न : माझ्याकडे जुनी टू-स्ट्रोक १०० सीसी मोटारसायकल आहे. तिच्यावरून शिखर शिंगणापूरला जाऊन येऊ का? (एक शेतकरी, कोरेगाव)

उत्तर : जरूर जावे. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. ज्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, तिच्या इंजिनाला ऑइल मिळते ते पेट्रोलबरोबरच. लांब उतारावर रेस पूर्ण बंद ठेवली तर ऑइलही बंद होते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून अशा उतारावर मधूनमधून क्लच दाबून रेस थोडी द्यावी. इंजेक्शनच्या गाडीसाठी वर सांगितलेला नियम इथे तसाच लावू नये. दुसरे असे, की सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असते आणि जुन्या गाडीची रबरी नळी, वॉशर त्याने लवकर खराब होतात. निघण्यापूर्वी नळी बदलून घ्यावी.

प्रश्न : ठोसेघरहून भिजून आल्यानंतर चेन करकरते. पेट्रोलने धुतली तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पेट्रोल वापरू नये. अलीकडच्या बऱ्याच चेनमध्ये दुव्यांच्या आत रबराची बारीक कडी असते, ती पेट्रोलने खराब होते आणि आतले ग्रीस निघून जाते. रॉकेल किंवा चेनसाठी मिळणारे द्रव्य आणि मऊ ब्रश वापरावा, कोरडे पुसावे, चेनचे ऑइल आतल्या बाजूने लावावे आणि रात्रभर मुरू द्यावे. इंजिन सुरू ठेवून चेन कधीही पुसू नये. बोटे जातात.

प्रश्न : गेल्या महिन्यात खंबाटकी घाटात आमच्या पुढची मोटारसायकल घसरून पडली. चालक बोलत होता, पण उठत नव्हता. काही जण त्याचे हेल्मेट काढू लागले, काही त्याला उचलून बसवू लागले, आणि काही पोलिसांच्या भीतीने निघून गेले. आम्ही काय करायला हवे होते? (एक दांपत्य, वाई)

उत्तर : आपण थांबलात हे सर्वांत महत्त्वाचे. पहिले काम मागून येणारी वाहने थांबवण्याचे. वळणाच्या बऱ्याच अलीकडे एकाने उभे राहून हात दाखवावा, नाहीतर एका अपघाताचे दोन होतात. दुसरे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा ११२ वर कळवावे, आणि घाटातली दिशा, जवळचा फलक किंवा किलोमीटरचा दगड सांगावा, कारण घाटात पत्ता सांगता न आल्याने मोलाचा वेळ जातो. मान आणि पाठीच्या कण्याला इजा झाली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नये, फक्त काच वर करावी, त्याला उठवू किंवा बसवू नये, पाणी पाजू नये. डोके आणि मान हलू नयेत म्हणून एकाने दोन्ही हातांनी हेल्मेट तसेच धरून ठेवावे आणि त्याच्याशी शांतपणे बोलत राहावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे. श्वासच अडत असेल तरच हेल्मेट काढावे, आणि तेही दोघांनी मिळून, एकाने मान खालून आधाराने धरून. पोलिसांच्या भीतीविषयी : मोटार वाहन कायद्यात २०१९ साली समाविष्ट केलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६४. मागच्या रविवारी १२५ सीसी गाडीवरून लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहून आलो. अष्टकोनी विहिरीच्या पोटातल्या महालात बसून डबा खाल्ला. इतक्या जवळ असून आयुष्यात प्रथमच गेलो याचे वाईट वाटले. आता या वयात एका दिवसात किती अंतर जावे? आपण स्वतः या महिन्यात कोठे जाणार आहात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपले पत्र वाचून मलाही ती विहीर पुन्हा पाहावीशी वाटली. अठराव्या शतकाच्या आरंभी वीरूबाई भोसले यांनी बांधवलेली ती वास्तू पाणी आणि स्थापत्य यांची इतकी सुंदर सांगड घालते, की अनेक मोठे किल्ले पाहिलेला माणूसही तिथे स्तब्ध होतो. अंतराविषयी म्हणाल तर वयाचा आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दर पन्नास किलोमीटरला उतरून दहा मिनिटे चालावे, तहान लागण्याआधी पाणी प्यावे, आणि मनगट, कंबर किंवा मान यांपैकी काहीही दुखू लागले तर तिथून पुढे न जाता परत फिरावे. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी असल्यास ती आणि तिची चिठ्ठी खिशात असावी.

मी या महिन्यात औंधला जाणार आहे. साताऱ्यातून सकाळी साडेसहाला पोवई नाका सोडायचा, कोरेगावला नाश्ता करायचा आणि रहिमतपूरवरून साडेनऊपर्यंत औंध गाठायचे. आधी यमाईचा डोंगर चढायचा, म्हणजे ऊन तापण्याच्या आत खाली येता येते, आणि मग बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात दोन तास. राजा रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माय-लेकराचे शिल्पही तिथेच आहे. दुपारी एकला गाडीला किल्ली लावली, की रहिमतपूरला चहा घेऊन, शेतातून निघणाऱ्या ट्रॉल्या मोजत मोजत, अडीच-तीनपर्यंत सावकाश घरी येता येते.